दोरी कोणाच्या गळ्यात?

वाचक माउली, नामदेवरायांची ती कथा आपणां सर्वांना पाठ आहे. कुत्र्याने पोळी पळविली, आणि देवाने कोरडी खाऊ नये म्हणून नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही कथा मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितली. तिचा अर्थ मला अर्धाच उमगला होता, हे कळंबच्या किनाऱ्यावर कळले.

कीर्तनसेवा थांबल्यावर मी सकाळी किनाऱ्यावर जाऊ लागलो. बरोबर नातवाने पाळलेला कुत्रा असे. सुरूच्या बनात पोहोचलो की मी त्याची साखळी काढी. मुक्या जीवाला मोकळे केल्याचे समाधान वाटे. एका चैत्रात बनामागच्या उघड्या जागी एक टिटवी ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. तिचे ओरडणे लोक अशुभ मानतात, म्हणून मी नाम घेत पुढे निघालो. मागे वळून पाहतो तो कुत्रा जमिनीवर काही चाटत होता. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच्या खळग्यात मातीच्या रंगाची अंडी घालते. त्या खळग्यात टरफलेच उरली होती.

समुद्राने टिटवीची अंडी नेली, तेव्हा गरुडाने भगवंतांकडे गाऱ्हाणे नेले आणि समुद्राला ती परत करावी लागली, ही पंचतंत्रातली गोष्ट मी रंगवून सांगत असे. ही अंडी कोण परत करणार?

कोणी शंका घेईल, महाराज, कुत्र्यात देव नाही का? आहेच. पण टिटवीतही तोच आहे. हुंगणे, धावणे हा कुत्र्याचा देहधर्म. त्याला दोष नाही. दोष माझा. त्याच्यातला देव मला चटकन दिसला, कारण कुत्रा माझा होता. ही समता नव्हे, ही ममता. ती भूतदयेचे सोंग घेऊन आली की ओळखू येत नाही.

अंडी गेली ती डोळ्यांना दिसली. न दिसणारी हानीही असते. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर कुरव, चिखल्या असे पाहुणे पक्षी उतरतात. काही लडाख-तिबेटकडून, काही त्याहून दूर उत्तरेकडून. ओहोटी लागली की ओल्या वाळूत किडे टिपून ते अंगावर चरबी धरतात. तीच परतीच्या वाटेची शिदोरी. कुत्रा गंमत म्हणून थव्यात शिरतो, थवा उडतो, आपण हसतो. पण दर वेळी उडताना त्या शिदोरीतला घास खर्ची पडतो. वारकऱ्याच्या पडशीतली भाकरी कोणी काढून घेतली, तर तिला आपण गंमत म्हणू का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी समुद्री कासवांची अंडी राखली. कुत्री, कोल्हे वाळू उकरतात आणि माणसेही अंडी नेत. त्यावर उपाय केला तो कुत्री मारण्याचा नव्हे, अंडी कुंपणात ठेवण्याचा. मर्यादा घालणे म्हणजे द्वेष करणे नव्हे.

अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगी लागते. आपल्या पुळणीला दार नाही. तेथे सर्वांनी मिळून एवढे तरी पाळावे: पाळलेला कुत्रा साखळीत असावा आणि पक्षी बसतात तेथून दूर न्यावा. भटक्या कुत्र्यांना घास घालायचा तर पुळणीवर नव्हे, वस्तीत ठरलेल्या जागी घालावा. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही अशी जागा ठरविण्याची सोय आहे. सहलीला येऊन आपण बिस्किटे टाकतो आणि घरी जातो. पावसाळ्यात सहली थांबल्या की त्या भुकेल्या जीवांनी काय खावे?

नामदेवराय कुत्र्याच्या मागे धावले. त्या जीवाच्या पुढच्या घासाची काळजीही त्यांनी उचलली. मी मात्र साखळी सोडून पुढे चालत राहिलो. कथेचा राहिलेला अर्धा अर्थ तो हा.

माउली, आपण तुळशीची माळ घालतो, तेव्हा आपल्या खाण्यापिण्याला आपणच मर्यादा घालून घेतो आणि तिला बंधन म्हणत नाही. किनाऱ्यावरची साखळीही तशीच. दिसते कुत्र्याच्या गळ्यात. खरी असते ती आपल्या ममतेच्या गळ्यात. आता मी ती काढत नाही. चैत्रात टिटवी ओरडली, तर नमस्कार करून वाट बदलतो.