पडलेली शिळा

वाचक माऊली, चंद्रपूर जिल्ह्यातील हिरापूरला जाणे झाले तर तेथील शिळा पाहून या. उभ्या दगडांवर छताचा दगड ठेवून रचलेली शिळाघरे आहेत, उभे शिळास्तंभ आहेत. विदर्भातील अशी स्मारके बहुतेक लोहयुगातील, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची मानतात. ज्ञानेश्वरीला अजून 750 वर्षेही झाली नाहीत. आणि गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक आजही आपल्या मृतांसाठी दगड उभा करतात.

याच मुलखात एका गावी सप्ताहाला गेलो होतो. टेकडीच्या उतारावर एक लांब शिळा आडवी पडलेली. मी कीर्तनात सांगितले, "ती उभी करा, शेंदूर लावा, पुण्य लागेल." कीर्तन संपल्यावर एक म्हातारा जवळ आला. म्हणाला, "महाराज, तो कोनाचा तरी मानूस हाये. त्याले देव कायले करता?" मी हसून टाळले. गावाने माझे ऐकले. पुढल्या खेपेस शिळा शेंदरी झाली होती. म्हातारा तिकडे फिरकत नव्हता.

तुम्ही म्हणाल, पाषाणात देव पाहिला तर बिघडले कुठे? मीही तेच म्हणत आलो. पण चोखोबांची कथा आठवा. मंगळवेढ्यास गावकूस कोसळले, त्याखाली चोखोबा गेले. नामदेवराय अस्थी शोधायला निघाले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी पंढरीस आणल्या, महाद्वारासमोर समाधी बांधली. आपण तिथे माथा टेकतो तो चोखोबा म्हणूनच. नामदेवरायांनी माणूस शोधला, त्याचे नाव राखले.

ही कथा मी शेकडो वेळा सांगितली. त्या ढिगाऱ्याखालच्या इतर मजुरांच्या अस्थींचे काय झाले, हे मात्र स्वतःला कधी विचारले नाही. त्यांना ओळखणारा कोणी आला नाही. टेकडीवरची शिळा त्यांच्याच पंक्तीतली. तिच्या माणसाचे नाव गेले, त्याच्यासाठी रडणारेही गेले. उरली होती एवढीच खूण, की इथे कोणी कोणाला विसरायला तयार नव्हते. मी तिच्यावर माझ्या देवाचे नाव घातले आणि ती खूणही पुसली.

सर्वांभूती देव पाहणे म्हणजे दुसऱ्याचे आपले करून घेणे नव्हे. अशी शिळा दिसली तर तिच्यावर बसू नका, मोरीला नेऊ नका, शेंदूर फासू नका. ज्यांचे पूर्वज तिथले, त्यांना आधी विचारा. ते म्हणाले पडू द्या, तर पडू द्या. हात जोडून पुढे चला.

त्या म्हाताऱ्याला मी उत्तर दिले नव्हते. बाबा, तुमचे खरे होते.