परदेशगमन आणि घरचे देणे

परदेशी शिक्षणास निघालेल्या विद्यार्थ्याने आधीच्या उन्हाळ्यात मजुरी करून वाटखर्च जमविला, म्हणजे त्याच्या स्वावलंबनाची वाखाणणी करण्यास आपल्याकडे कोणी कमी करीत नाही. वाखाणणीबद्दल आमची तक्रार नाही. परंतु 'स्वतःच्या कमाईवर गेला, तो कोणाचे काही लागत नाही' हा जो निष्कर्ष तिच्या पाठोपाठ येतो, तो आम्हांस मान्य नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी, पांढरकवडा, झरी-जामणी या भागांत उन्हाळ्याची मजुरी म्हणजे पुष्कळ अंशी तेंदूपाने तोडण्याची. मे महिन्यात उजाडण्यापूर्वीच माणसे रानात शिरतात. दुपारी सावलीत बसून सारे कुटुंब सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते, आणि मग ते फळीवर मोजून द्यावयाचे. एकाने तोडावे, दुसऱ्याने निवडावे, तिसऱ्याने बांधावे, अशी ही रीत. मग शंभर पुड्यांत एकट्या विद्यार्थ्याचे किती, हे कोणी सांगावे? शिवाय हा पैसा हाती येतो तो मृगाच्या तोंडावर. कापसाच्या मुलखात सरकी आणि खत यांची नड तेव्हाच उभी राहते. त्याच पैशातून पारपत्र काढावयाचे, व्हिसाचे शुल्क भरावयाचे, इंग्लंडास जाणे असल्यास क्षयाची तपासणी करून घ्यावयाची, आणि शेवटी एक लोकरीचा कोट; ज्याचा उपयोग यवतमाळच्या मे महिन्यात काय असावा, ते ज्याचे त्यास ठाऊक. परदेश शिक्षणासाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती 2003 पासून आहे, हे खरे. तथापि शिष्यवृत्तीचा पैसा हाती पडेपर्यंत पुष्कळदा घरासच कळ सोसावी लागते. तेव्हा विद्यार्थ्याचा कोट हा पेरणीतून कापलेला असतो.

हे देणे फेडावयाचे कसे? 'परत येऊन', असे व्यासपीठावरून तत्काळ उत्तर मिळते. डॉ. आंबेडकर 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते करार पाळण्यास बडोद्यास आले. तर त्या शहरात त्यांस बिऱ्हाड मिळेना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. करार कोणी मोडला? ज्याने परत येण्याचे वचन दिले त्याने, की ज्यांनी परत आलेल्यास राहू दिले नाही त्यांनी? आमच्या मते वचन दुहेरी असते. पुढे 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापकी पतकरून, पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते 1920 साली पुन्हा लंडनास गेले. चरित्रांतून या बचतीचे श्रेय त्यांच्या निग्रहास दिलेले आढळते, आणि ते योग्यच आहे; परंतु रमाबाईंनी संसारात जी ओढाताण सोसली, तीही त्या बचतीतच जमा धरली पाहिजे.

म्हणून परत येण्याची मागणी करण्याचा अधिकार सर्वांस सारखा नाही, असे आम्ही म्हणतो. ज्याने एक पुडाही बांधला नाही, त्याने देशाच्या नावाने वसुलीस बसू नये. सावकार आहे ते घर; आणि घर तर पुष्कळदा 'बाबा, तिकडेच राहा' असेच म्हणते. मग विद्यार्थी सुटला काय? नाही. त्याने निघण्यापूर्वी, सरकी घेण्याच्या आधी, सर्वांसमक्ष हिशेब मांडावा. कोणाच्या वाट्याचे किती नेतो ते सांगावे, आणि बाप 'यंदा जमत नाही' म्हणाला तर ते ऐकून घेण्याची तयारीही ठेवावी. हे कठीण आहे. एक वर्ष थांबल्याने मिळालेली जागा जाऊ शकते, हे आम्ही जाणतो.

आणि गेल्यावर जो पहिला पैसा तो घरी पाठवील, त्यास त्याने देणगी म्हणू नये. देणगी देणारा अटी घालतो. फेड करणाऱ्यास तो अधिकार नसतो. त्या पैशातून पुडे बांधणारी धाकटी बहीण कॉलेजात जाईल की बाप बैलजोडी घेईल, हे त्या दोघांनी ठरवावयाचे.