*द्यावं ते आपल्या वाट्याचं*




गेल्या महिन्यात आम्ही उभयतांनी अन्नदानाला मोठी रक्कम दिली. पैसे दादांसोबतच्या सामाईक खात्यातले, आणि दादांना विचारलंच नव्हतं. ते रागावले तेव्हा आम्हाला वाटलं, यांना परमार्थ कळत नाही. मग दोन संत आठवले.

इटलीतल्या असिसीचे संत फ्रान्सिस हे कापडाच्या व्यापाऱ्याचे पुत्र. पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी त्यांनी वडिलांचं कापड विकलं. वडिलांनी तक्रार केली. बिशप म्हणाले, पैसे परत करा. फ्रान्सिसनी पैसे तर दिलेच, अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांपुढे ठेवले. तिथून १२२६ मध्ये देह ठेवेपर्यंत त्यांनी गरिबीच पत्करली.

आपले तुकोबाही देहूच्या वाण्याच्या घरातले. कर्जखतं इंद्रायणीत बुडवण्याआधी त्यांनी निम्मी खतं धाकट्या कान्होबांना दिली, असं परंपरा सांगते. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची.

म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने त्याग होत नाही. आणि आपला वाटा सोडला तरी जिजाईंच्या चुलीचा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही. पण घरच्यांना न विचारता ते सापडणार नाही, एवढं कळलं.

आम्ही दादांची माफी मागितली. त्यांच्या हिश्श्याचे पैसे आमच्या पगारातून भरतोय. थोडी ओढाताण होते, पण खरं दान आता कुठे सुरू झालंय असं वाटतं.

या गुरुवारी सेवेची रक्कम ठरवताना घरात सगळ्यांना विचारा, ही विनंती. 🙏