बिनमालकीच्या गावातला पाटील

विकिपीडियाला कुणी मालक नाही, असे आम्ही ऐकत आलो आहोत. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००१ च्या जानेवारीत हा ज्ञानकोश इंग्रजीत सुरू केला आणि २००३ साली त्यात मराठीही आली. कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे. एक मुख्य अट अशी, की लिहिणाऱ्याने बाजू घेऊ नये. वाद असेल तर ज्या मताला जितका आधार, तितकी त्याला जागा द्यावी. पण मालक नसलेल्या गावातही पाटील असतोच, आणि त्याला जाब कुणी विचारायचा हा प्रश्न उरतोच.

आम्हांला तो २००८ साली टोचला. इंग्रजी विकिपीडियावरील पैगंबरांच्या चरित्रलेखात जुन्या इराणी आणि तुर्की हस्तलिखितांतली चित्रे होती. (ती मुसलमान चित्रकारांनीच काढलेली, हे पुष्कळांच्या गावीही नव्हते.) चित्रे काढावीत म्हणून निघालेल्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या पडल्या. चित्रे निघाली नाहीत. ज्याला पाहायची नाहीत त्याने ती आपल्या संगणकावर झाकून घ्यावीत, असे उत्तर मिळाले. आम्ही चडफडलो. हा वेल्स आहे तरी कशाला, एक शब्द टाकला तर काय बिघडेल, असे आम्ही म्हणत होतो. खरे सांगायचे तर आम्हांला तेव्हा तटस्थता नकोच होती, आपल्या बाजूचा पाटील हवा होता.

मे २०१० मध्ये वेल्स यांनी खरोखरच हात उचलला, मात्र दुसऱ्या कारणासाठी. विकिपीडियाच्या चित्रसंग्रहात अश्लील चित्रे साठली आहेत अशी ओरड झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच ती पुसायला सुरुवात केली. पुसलेल्यांत काही जुन्या कलाकृतीही निघाल्या. स्वयंसेवक खवळले आणि वेल्स यांना आपले खास अधिकार सोडावे लागले. अश्लीलतेबाबत आमचा कौल वेल्स यांनाच होता. तरीही त्यांचे अधिकार गेले याचे आम्हांला बरे वाटले. न विचारता पुसणारा हात आज आमच्या नावडीचे पुसतो. उद्या आमचेच पुसणार नाही कशावरून?

मग पाटीलच नको, असे कुणी म्हणेल. त्याने क्रोएशियन विकिपीडियाकडे पाहावे. तिथे वेल्स लुडबुड करायला गेले नाहीत. मूठभर प्रचालकांनी दहाएक वर्षे तो कोश आपल्या मुठीत ठेवला, दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा राजवटीची पापे सौम्य शब्दांत लिहिली, आणि हरकत घेणाऱ्यांना बाहेर काढले. २०१३ साली त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, त्यावर विसंबू नका. विकिमीडिया प्रतिष्ठानचा चौकशी अहवाल यायला २०२१ उजाडले. एवढ्या काळात किती मुलांनी तोच इतिहास वाचला असेल! वर कुणी नव्हते, सगळे स्थानिकांच्या हाती होते. पण हात बदलत नव्हते आणि तक्रार त्याच हातांकडे द्यावी लागत होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वेल्स पुन्हा बोलले. गाझातल्या वंशसंहारावरील लेख तटस्थतेच्या कसोटीला उतरत नाही, असे त्यांचे म्हणणे. गाझाबाबत आमचे मत काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आमचा संताप झाला. संस्थापकाच्या शब्दाला इतरांच्या शब्दापेक्षा वजन असते, हे ठाऊक असलेल्या माणसाने सर्वांत जपून बोलायला हवे, असे आम्हांला आजही वाटते. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. २०१० सारखे त्यांनी या वेळी पुसले नाही. लेखाच्या उघड्या चर्चापानावर स्वतःच्या नावाने लिहिले, आणि पुष्कळ संपादकांनी तिथेच त्यांना खडसावले. वेल्स यांच्या शब्दांखाली त्यांचेही शब्द आहेत.

२००८ सालीही त्या चरित्रलेखाचे चर्चापान असेच उघडे होते. आम्ही अर्जावर सही केली, चार मित्रांना करायला लावली आणि संगणक बंद केला. चर्चापानावर आमच्यापैकी एकही जण गेला नाही.