अहवाल लिहिणाऱ्याविरुद्ध तक्रार

इंग्लंडमध्ये आईबाप वेगळे झाले आणि मूल कुणाकडे राहणार यावर त्यांचं जमलं नाही, की प्रकरण कौटुंबिक न्यायालयात जातं. न्यायाधीशाच्या आधी त्या घराशी बोलते ती ‘कॅफकॅस’ ही सरकारी संस्था. १ एप्रिल २००१ रोजी ती सुरू झाली. दरवर्षी लाखाहून जास्त मुलांची प्रकरणं तिच्यापुढे येतात. पहिल्या तारखेआधी पोलीस आणि स्थानिक समाजसेवा खात्याच्या नोंदी तपासल्या जातात, आई आणि वडील यांच्याशी फोनवर वेगवेगळं बोलणं होतं आणि एक छोटं पत्र न्यायालयात दाखल होतं. वाद चिघळला तर १९८९च्या बालक कायद्याच्या सातव्या कलमाखाली सविस्तर अहवाल मागवला जातो. न्यायाधीशावर तो बंधनकारक नसतो, पण त्यातली शिफारस बाजूला ठेवायची तर निकालात कारणं द्यावी लागतात. ज्या आईबापांच्या हातात तो अहवाल पडतो, त्यांना त्याचं वजन कुणी समजावून सांगायला लागत नाही.

मग तो अहवाल चुकला तर?

समजा, एखाद्या मराठी घरात सहा वर्षांचा मुलगा आजीच्या कुशीत झोपतो. आपल्याकडे याची कुणी दखलही घेणार नाही. अहवालात मात्र ‘मुलाला झोपायला स्वतंत्र जागा नाही’ एवढंच उतरलं आणि आजीचं नावही आलं नाही, तर शब्दाने खोटं नसलेलं ते वाक्य त्या घराबद्दल धादांत चुकीचं सांगतं. अशा वेळी दाद मागायला दोन वेगळी दारं आहेत आणि माणसं नेमकी चुकीच्या दारावर धडका मारतात. निष्कर्ष किंवा शिफारस पटत नसेल तर ते न्यायालयातच मांडायचं. अहवाल लिहिणाऱ्याला साक्षीला बोलवा, उलटतपासणी घ्या, असं न्यायाधीशांना सांगता येतं. वागणुकीबद्दल, दिरंगाईबद्दल, न केलेल्या कामाबद्दल गाऱ्हाणं असेल तर ते संस्थेच्या तक्रार विभागाकडे. तक्रार विभाग अहवालातली शिफारस बदलू शकत नाही. न्यायालयाचा आदेश तर मुळीच नाही.

कागदावर ही वाटणी रास्त वाटते. तक्रारीच्या जोरावर निकाल फिरवता येऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. पण या दोन दारांच्या मध्ये बरंच काही पडून राहतं. शाळेला फोनच केला नाही, ही वागणूक की निष्कर्षाचा भाग? मुलाशी बापाच्या घरी, बाप शेजारच्या खोलीत असताना बोललं गेलं, याचं काय? न्यायालयात हा मुद्दा काढावा तर तारखेला वेळ अपुरा, आणि वकील परवडत नसेल तर उलटतपासणी स्वतःच घ्यायची. तक्रार विभागात जावं तर ‘हे न्यायालयापुढचं प्रकरण आहे’ असं उत्तर. माणूस इकडून तिकडे टोलवला जातो आणि तोवर मुलाचं अख्खं शालेय वर्ष निघून जातं.

या व्यवस्थेच्या बचावाला एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो: बाप म्हणतात आम्ही आईच्या बाजूचे, आया म्हणतात आम्ही बापाच्या बाजूचे, दोघंही नाराज, म्हणजे आम्ही निष्पक्ष. हा युक्तिवाद मला घातक वाटतो. दोन वेगळ्या घरांत दोन वेगळ्या चुका झाल्या तर त्या एकमेकींना पुसत नाहीत. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. बाराशेहून अधिक व्यक्ती आणि संस्थांनी तिच्यापुढे म्हणणं मांडलं होतं. समितीने केवळ एका संस्थेवर नव्हे, तर साऱ्या कौटुंबिक न्यायव्यवस्थेवर बोट ठेवलं: पैशांची आणि माणसांची चणचण, काहीही करून दोन्ही पालकांची भेट घडवण्याकडे कल, एकमेकांशी न बोलणारी खाती आणि दोन पक्ष झुंजवणारी पद्धत. यामुळे घरातल्या हिंसेची तक्रार दुर्लक्षित राहते किंवा सौम्य करून मांडली जाते, असा तिचा निष्कर्ष होता. समितीपुढे आलेली माणसं वर्षानुवर्षं तेच सांगत होती. एकेकट्या तक्रारीला ‘नाराज पक्षकार’ म्हणून बाजूला सारणं सोपं गेलं, इतकंच.

म्हणूनच तक्रार करावी, आणि नीट करावी. ‘अधिकारी पक्षपाती आहेत’ या वाक्याने काही हाती लागत नाही. ‘सातव्या पानावर शाळेशी बोलणं झाल्याचं लिहिलं आहे, शाळेचं पत्र सोबत जोडलं आहे, त्यात असा संपर्क झाला नसल्याचं म्हटलं आहे’ या वाक्याला उत्तर द्यावंच लागतं. तारीख, पान, कुणी काय केलं, काय करायला हवं होतं आणि आता काय हवं: नोंद दुरुस्त करणं, लेखी दिलगिरी की दुसरा अधिकारी. रागाचा मजकूर वेगळ्या कागदावर लिहून घरात ठेवावा. मुलांच्या प्रकरणांतले कागद गोपनीय असतात म्हणून पुष्कळ जण बिचकतात. पण २०१०च्या कौटुंबिक कार्यपद्धती नियमांत, प्रकरणाशी संबंधित व्यक्ती किंवा संस्थेविरुद्ध तक्रार करण्यासाठी ती माहिती देण्याची मुभा आहे. समाजमाध्यमांवर टाकण्याची मात्र नाही.

संस्थेच्या उत्तराने समाधान झालं नाही तर पुढची पायरी संसदीय लोकपालाची. तिथे थेट जाता येत नाही. १९६७च्या कायद्यानुसार खासदारामार्फत जावं लागतं. घरातली फाटाफूट आधी स्थानिक खासदाराच्या कार्यालयात उलगडून दाखवायची, ही अट आज कशासाठी टिकवली आहे, ते मला समजत नाही.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या सहाव्या कलमाने समुपदेशक आणले. पुण्यात आणि मुंबईत १९८९मध्ये ही न्यायालयं सुरू झाली आणि विवाह समुपदेशकाची खोली हजारो घरांना ओळखीची झाली. तेराव्या कलमानुसार इथे वकील हक्क म्हणून मागता येत नाही. चौदाव्या कलमानुसार एरवी पुराव्यात न बसणारा अहवालही न्यायालय विचारात घेऊ शकतं. २०१९मध्ये पेरी कन्सागरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाचा अहवाल गोपनीयतेच्या आड ठेवता येणार नाही. मुलाचं हित ठरवायला तो न्यायालयापुढे यायला हवा. मला हा निकाल योग्य वाटतो. पण मग त्या खोलीत मूल काय बोललं, किती वेळ बोललं, शेजारी कोण बसलं होतं, हे सगळंच निर्णायक होतं. आणि त्या खोलीत कुणाचं चुकलं तर? कायद्यात निकालाविरुद्ध तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील आहे, तेही अंतरिम आदेशावर नाही. समुपदेशकाच्या वागणुकीबद्दल तक्रार कशी करावी, याचं एकही कलम त्यात नाही. प्रमुख न्यायाधीशांच्या नावे अर्ज लिहायचा आणि वाट पाहायची. ज्यांच्यापुढे आपलं प्रकरण चालू आहे त्यांच्याच न्यायालयातल्या माणसाविरुद्ध असा अर्ज लिहायला किती आया धजावतील?

मुंबई उच्च न्यायालयाकडे म्हणून एवढंच मागणं आहे. राज्यातल्या प्रत्येक कौटुंबिक न्यायालयात, समुपदेशकाच्या दाराबाहेर, मराठीत एक फलक लावा. तक्रार कुणाकडे द्यायची, पोच कोण देणार, किती दिवसांत लेखी उत्तर मिळणार आणि तक्रार केल्यामुळे चालू प्रकरणावर परिणाम होणार नाही, हे चार मुद्दे त्यावर असावेत. आणि तक्रार ऐकणारा अधिकारी त्या इमारतीतला नसावा.