किती घर पुरे?

वैशाखातल्या दुपारी गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात कवेलूच्या छपराखाली टेकले, की जाड मातीच्या भिंतींचा गारवा आम्हांस जाणवतो. त्या घराला कोणी प्रमाणपत्र दिलेले नसते. शहरांत मात्र आता ‘हरित इमारत’ म्हणून प्रमाणपत्र मिळते. २००१ साली स्थापन झालेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल आणि ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेली ‘ग्रिहा’ पद्धती जागा, पाणी, वीज, बांधकामसाहित्य पाहून इमारतीला गुण देतात.

या मोजमापाची थट्टा आम्ही करणार नाही. चांगला हेतू सारेच सांगतात. पाण्याचा नि विजेचा हिशेब मांडला की त्याची परीक्षा होते. मातीच्या घराचे कौतुकही बेतानेच करावे. दर वर्षी कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात. गळक्या छपराखाली रात्र काढणाऱ्या बाईने सिमेंटचा स्लॅब मागितला, तर तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. भातगिरण्यांतील तूस नीट जाळले, तर त्याच्या राखेने सिमेंटचा काही भाग वाचवता येतो; असे ज्ञान तिच्या घरापर्यंत पोहोचावे, हे अधिक न्याय्य.

तरीही एक प्रश्न उरतो. घर कसे बांधले, हे गुणपत्रिका बारकाईने तपासते. एवढे मोठे कशासाठी बांधले, याचे उत्तर मात्र मालकाच्या सदसद्विवेकाकडेच राहते. चौघांसाठी बारा खोल्या बांधून छपरावर सौरपट्ट्या बसवल्या, तर विजेची काटकसर होईल. पण त्या जादा खोल्यांसाठी उपसलेली वाळू आणि भाजलेला चुनखडक परत येणार नाही.

या जिल्ह्याला मर्यादेची ओळख जुनी आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांवर, पुढे ज्यांना मालगुजारी तलाव म्हटले गेले, येथील धान पोसले. तलाव एक, शेते अनेक. कोणी गरजेहून अधिक पाणी घेतले, तर शेजाऱ्याचे पीक सुके.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपणा सर्वांचे सामाईक घर म्हटले. सामाईक घरात आपली खोली वाढवताना भिंत कोणाच्या अंगणात सरकते, हे पाहावे लागते. नव्या घराचा नकाशा हाती घेताना आपण घरच्या माणसांसमोर हा प्रश्न मांडू या: आपणांस किती पुरे? प्रमाणपत्रासाठी अर्ज त्यानंतर अवश्य करावा.