जे मूल विसरणार आहे

“तीन वर्षांचं पोर ते! रोममधलं त्याला काय कळणार? आणि कळलं तरी लक्षात काय राहणार?” २०१८ च्या मे महिन्यात आम्ही परदेशप्रवासाची बांधाबांध करीत होतो, तेव्हा माझ्या आईने हा प्रश्न विचारला. मी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जे मूल विसरणार आहे, त्याला ते द्यावेच कशासाठी?

आईचे म्हणणे मानसशास्त्रालाही मान्य आहे. बहुतेक प्रौढांच्या सर्वांत जुन्या आठवणी वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या अलीकडच्या असतात. त्याआधीचे प्रसंग लहानग्यांना काही काळ आठवतात, पण वाढत्या वयाबरोबर ते पुसले जातात. मग तेवढे पैसे खर्चून नेलेले मूल जर सारे विसरणारच असेल, तर तो प्रवास वाया गेला असे म्हणायचे काय?

मला तसे वाटत नाही. त्या वयात मिळालेले सारेच आपण विसरलेलो असतो. अंगावरचे दूध, तापात उशाशी जागलेली आजी, पहिले पाऊल टाकताना धरलेले बोट यांपैकी काय आठवते? तरीही ते वाया गेले असे कोणी म्हणत नाही. आठवण जाते, तिने घडवलेले मन मागे राहते. तेव्हा ‘लक्षात राहणार नाही’ हे मुलाला घरी ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

परंतु हेच सत्य दुसऱ्या बाजूनेही आपल्याला बांधून घेते. विसरले जाणारे सुख जर खरे असेल, तर विसरले जाणारे दुःखही तितकेच खरे असते. हे मला रोमला पोहोचल्यावर कळले.

त्याची सुरुवात विमानातच झाली होती. विमान खाली उतरू लागले आणि मुलगा कान धरून रडू लागला. लहान मुलांची कानातून घशात जाणारी नळी अरुंद असते. हवेचा दाब बदलला की कान दुखतो, आणि अशा वेळी काहीतरी प्यायला वा चघळायला दिले तर आराम पडतो. मला ते ठाऊक होते. तरीही मी प्रथम त्याला दटावले, कारण शेजारचे प्रवासी वळून पाहत होते. त्याच्या वेदनेपेक्षा माझी लाज मला मोठी वाटली.

दुसऱ्या दिवशी तो पहाटे तीनलाच जागा झाला. त्या ऋतूत रोमचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्याचे पोट आणि झोप मात्र वसईच्याच वेळेने चालली होती. सकाळी आम्ही व्हॅटिकनच्या संग्रहालयाकडे निघालो. प्रवेशाची वेळ तिकिटावर छापलेली होती. वाटेत एक ओतीव लोखंडाचा नळ लागला. वाकड्या नाकासारख्या तोटीमुळे रोमकर त्याला ‘नासोने’ म्हणतात. १८७० च्या दशकापासून शहरात बसवलेले असे सुमारे २५०० नळ आजही अखंड वाहतात. तोटीच्या टोकावर बोट दाबले की वरच्या छिद्रातून पाण्याची धार उडते. मुलाला ती गंमत सापडली आणि तो तिथून हलेना. मी घड्याळ पाहिले, त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत नेले. तो रडत होता. मी चालत होतो.

सिस्टीन प्रार्थनालयात आम्ही पोहोचलो तेव्हा तो माझ्या खांद्यावर गाढ झोपला होता. मायकलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेले ते छत मी मान वर करून पाहिले. परंतु माझ्या सदऱ्याची बाही त्याच्या आसवांनी ओली होती आणि माझे लक्ष तिकडेच जात होते. हा प्रवास नक्की कोणासाठी चालला होता? ‘मुलाला जग दाखवतो’ असे मी सर्वांना सांगितले होते. प्रत्यक्षात जग मी पाहत होतो आणि मूल सामानासारखे बरोबर वाहत होतो.

बालकाला घेऊन परदेशी गेलेले एक कुटुंब आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. योसेफ रात्री उठून मरिया आणि बाळाला घेऊन इजिप्तला निघाला. तो प्रवास बाळाच्या जिवासाठी होता. आपले प्रवास तसे नसतात, आणि आईबापांना जग पाहण्याची हौस असणे हा काही अपराध नव्हे. मात्र ती हौस आपली आहे हे प्रामाणिकपणे मान्य करावे. मग तिची किंमत मुलाकडून वसूल करण्याचा मोह आवरता येतो. दिवसाला एकच स्थळ पाहावे, दुपारची झोप मोडू नये, नळापाशी अर्धा तास थांबावे. त्याने काही राहून जाईल, राहू द्यावे.

माझा मुलगा आज वरच्या इयत्तेत शिकतो. त्याला रोम आठवत नाही. तो नळही आठवत नाही आणि माझा हिसकाही नाही. तो विसरला म्हणून माझा हिशेब मात्र मिटत नाही. त्याच्या वतीने तो दिवस लक्षात ठेवणे आता माझ्याकडे आले आहे.